आवाजाची जोडपाटी

मी कविता लिहितो, त्यामुळे मला बोलायला बोलावले की मी कवितेवर बोलेन, असे सगळे गृहीत धरतात. आज मात्र मी तारांवर बोलणार आहे. माणसाचा आवाज ज्या तारांतून माइकपासून यंत्रापर्यंत जातो, त्या तारांवर. हा विषय इंजिनिअरचा आहे, बी. ए. झालेल्या माणसाचा नाही, हे मला मान्य आहे. पण या तारांनी मला एकदा असा धडा दिला की त्यानंतर त्या समजून घेतल्यावाचून गत्यंतर उरले नाही.

भंडाऱ्याला आमच्या घरामागे एक खोली आहे. पूर्वी तिथे धानाची पोती रचलेली असत. आता तिथे आम्ही रेकॉर्डिंगची सोय केली आहे. माझा भाचा झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळीबरोबर काही हंगाम साउंड सांभाळत होता. दिवाळीनंतर सुरू होणारी ती रात्रभरची नाटके, मांडवातली गर्दी, रंगमंचावरच गायली जाणारी पदे, आणि या सगळ्यात माइक बंद पडला तर लोकांचा आरडाओरडा! त्या शाळेत तो तयार झाला. दोघांनी मिळून भिंतींना जुन्या गोधड्या लावल्या, खिडकीला जाड पडदा केला. शेजारी मशीद आहे, पलीकडच्या गल्लीत मंदिर आहे, आणि थोड्या अंतरावर महामार्गावरचे ट्रक आहेत. अजान आणि आरतीच्या वेळा सांभाळून आम्ही काम करतो. ट्रकांच्या वेळा मात्र कुणालाच सांभाळता येत नाहीत.

हेतू साधा होता. झाडीबोलीतली गाणी, दंडारीतली पदे, जात्यावरच्या ओव्या, आमच्या मित्रांच्या कविता आणि घरोघरी पडून असलेल्या जुन्या कॅसेटी कुठेतरी नीट साठवून ठेवायच्या.

हुकलेला सव्वा तास

चार वर्षांपूर्वी मंडईचे दिवस नुकतेच संपले होते. साकोली तालुक्यातल्या एका गावचे वयोवृद्ध दंडार गायक आमच्याकडे आले. सगळे त्यांना बाबाच म्हणत. सोबत ढोलकीवाला होता. बाबांनी चहा घेतला, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि सव्वा तास गायले. त्यातली काही पदे त्यांना त्यांच्या वडिलांकडून आलेली होती, आणि ती कुठेही लिहिलेली नव्हती. उठताना त्यांनी विचारले, "आवाज आला का नाही जी?" मी म्हणालो, "आला, बाबा." मला तसेच वाटत होते.

रात्री ऐकायला बसलो तेव्हा ढोलकीच्या माइकवरचे सगळे स्वच्छ होते. बाबांच्या माइकवर मात्र भुंग्यासारखी गुणगुण होती, आणि तिच्यात अधूनमधून तुटका, बारीक आवाज. झाले असे होते की सकाळी कॅसेट डेक जोडण्यासाठी भाच्याने टेबलामागे हात घातला होता. तिथे सोळा-सतरा तारांचा गुंता होता. एक तार ओढताना शेजारची तार आपल्या भोकातून अर्धी बाहेर आली. पडद्यावरची हिरवी पट्टी हलत होती, पण ती गुणगुणीने हलत होती. हेडफोनमध्ये दोन्ही माइक एकत्र ऐकू येत होते, आणि ढोलकीच्या माइकवर बाबांचा आवाज लांबून का होईना येत होता. त्यामुळे शंका आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. बाबा रागावले नाहीत. "धान चुरून झालं का येतो जी," म्हणाले. त्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरले आणि पुढच्या पोळ्याच्या आधी ते गेले. संगणकावर गुणगुण बरीच कमी करता आली, पण जे तारेतून आलेच नव्हते ते कोणतेही यंत्र कुठून आणणार? आज आमच्याकडे त्यांची पदे आहेत ती ढोलकीमागून, लांबून ऐकू येणारी.

भाचा आठ दिवस गप्प होता. मग एके दिवशी म्हणाला, "मामू, आता टेबलामागे हात घालायचाच नाही. पॅच-बे करायचा."

पॅच-बे म्हणजे काय?

पॅच-बेला मी आपल्या सोयीसाठी जोडपाटी म्हणतो. कल्पना अगदी साधी आहे. प्रत्येक यंत्राला आवाज आत घेण्याची भोके असतात आणि बाहेर देण्याची भोके असतात. ती नेमकी यंत्राच्या पाठीमागे असतात. जोडणी बदलायची म्हणजे दरवेळी वाकून, अंधारात, अंदाजाने तारा ओढायच्या. त्याऐवजी सगळ्या यंत्रांच्या तारा एकदाच, कायमच्या, एका पाटीच्या मागच्या बाजूला आणून सोडायच्या. पुढच्या बाजूला त्या प्रत्येक तारेचे एक भोक दिसते. मग काय कशाला जोडायचे ते हातभर लांबीच्या सुट्या तारेने समोरूनच जोडायचे. मागच्या तारांना कुणी हातच लावायचा नाही.

बाजारात मिळणारी पाटी साधारण १९ इंच रुंद आणि पावणेदोन इंच उंच असते. तिच्यावर भोकांच्या दोन ओळी असतात. वर २४ आणि खाली २४, म्हणजे एकूण ४८.

या वस्तूचा जन्म गाण्यासाठी झालेला नाही. तो टेलिफोनसाठी झाला. २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेत न्यू हेवन या गावी पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. अशा एक्स्चेंजमध्ये पुढे भोकांचे मोठमोठे फळे आले, त्यांच्यासमोर ऑपरेटर बसू लागले, आणि एका ग्राहकाची तार दुसऱ्याच्या भोकात खोचून दोघांचे बोलणे जुळवून देऊ लागले. आपल्याकडे १८८२ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला एक्स्चेंजे सुरू झाली. त्या फळ्यांसाठी बनलेला पाव इंच जाडीचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा प्लग आजही तसाच आहे. इलेक्ट्रिक गिटारला तोच लागतो, मोठ्या हेडफोनला तोच, आणि आमच्या जोडपाटीलाही तोच.

ट्रंक कॉल लावायला वडिलांबरोबर गेल्याचे मला आठवते. ऑपरेटर बाई दोन तारा हातात धरून भराभर भोके बदलत होत्या, आणि नंबर लागला की मान न वळवता "बोला" म्हणत होत्या. पुढे कॉलेजात असताना नागपूर आकाशवाणीवर कविता वाचायला गेलो. ते केंद्र १९४८ पासूनचे. काचेपलीकडच्या खोलीत भिंतीला तशाच भोकांच्या ओळी दिसल्या. मला वाटले, इथेही ट्रंक कॉल लागतो की काय! एका अर्थाने लागतच होता. कोणत्या स्टुडिओतला आवाज कुठे जाणार हे तिथे ठरत होते.

आधी कागद, मग तार

भाच्याने बाजारात जाण्याआधी मला वही काढायला लावली. कोणती यंत्रे आहेत, कुणाची किती भोके आवाज देतात आणि किती घेतात, याची यादी केली. मग पाटीचे चित्र काढले. जगभर एक रीत आहे. आवाज देणारी भोके वरच्या ओळीत आणि घेणारी भोके खालच्या ओळीत. पाणी वरून खाली येते, तसे लक्षात ठेवायचे.

आमची मांडणी अशी झाली. एक आणि दोन नंबरला वर दोन माइकांचे प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण आवाज वाढवणारी यंत्रे. त्यांच्या खाली संगणकाला आवाज पोचवणाऱ्या इंटरफेसची पहिली दोन भोके. तीन आणि चारला वर कीबोर्डची डावी-उजवी बाजू, खाली इंटरफेसची तिसरी-चौथी भोके. पाच-सहाला वर इंटरफेसमधून बाहेर येणारा आवाज, खाली दोन स्पीकर. सात-आठला तसाच दुसरा आवाज, खाली हेडफोनचे यंत्र. नऊ-दहाला कॅसेट डेक. पुढची भोके मुद्दाम रिकामी ठेवली. घरात पाहुण्यासाठी एक पाट राखून ठेवतात, तसेच हे.

बांधीतले पाणी

आता जोडपाटीतली खरी गंमत. समोर एकही तार खोचलेली नसताना काय होते? वरच्या भोकातला आवाज आपोआप खालच्या भोकात उतरतो. म्हणजे रोजच्या कामाला समोर तार लावावीच लागत नाही. या आपोआप जोडणीला तंत्रज्ञ 'नॉर्मल' म्हणतात.

आपल्या तलावांच्या जिल्ह्यात हे समजावून सांगायला वेगळे उदाहरण नको. धानाची बांधी डोळ्यांसमोर आणा. वरच्या बांधीतले पाणी पाळीच्या तोंडातून खालच्या बांधीत आपसूक उतरते. पाणी दुसरीकडे न्यायचे असेल तर शेतकरी त्या तोंडाला मातीचे ढेकूळ लावतो आणि नवी वाट काढतो. पाटीत खोचलेला प्लग हे ते ढेकूळ आहे. भोकाच्या आत एक स्प्रिंगची पट्टी असते. प्लग आत गेला की ती उचलली जाते आणि आपोआपची वाट बंद होते. प्लग काढला की पट्टी पुन्हा टेकते आणि पाणी जुन्या वाटेने वाहू लागते.

आमच्याकडे कॅसेट संगणकावर घ्यायची असली की आम्ही दोन छोट्या तारा घेतो. नऊ-दहाच्या वरच्या भोकांतून त्या तीन-चारच्या खालच्या भोकांत लावतो. कीबोर्डची वाट आपोआप बंद होते आणि कॅसेट त्या जागी येते. काम झाले, तारा काढल्या, की कीबोर्ड परत जागेवर. टेबलामागे कुणी वाकले नाही.

याहून उपयोगाचा दुसरा प्रकार म्हणजे 'हाफ नॉर्मल'. त्यात खालच्या भोकात प्लग लावला तर वाट बंद होते, पण वरच्या भोकात लावला तर बंद होत नाही. वाहत्या पाटातून घागर भरून घ्यावी आणि पाणी पुढे वाहतच राहावे, तसे. आमच्या माइकांच्या वाटा या प्रकारच्या आहेत. गायक गात असताना एक नंबरच्या वरच्या भोकातून तार घेऊन आम्ही तिचे दुसरे टोक एका छोट्या वेगळ्या रेकॉर्डरला देतो. संगणकाकडे जाणारा आवाज चालूच राहतो आणि एक प्रत वेगळी साठत जाते. बाबा गायले त्या दिवशी ही घागर भरलेली असती, तर मागची तार निखळूनही त्यांचा आवाज वाचला असता.

इथे एक पथ्य आहे. एका उगमातून दोन ठिकाणी आवाज देता येतो, पण दोन उगम एका भोकात कोंबायचे नसतात. बाहेर आवाज देणारी दोन यंत्रे थेट एकमेकांना जोडली की ती एकमेकांवर जोर करतात. आवाज बसतो, फाटतो, कधी यंत्रही बिघडते. दोन आवाज मिसळायचे ते मिक्सरमध्ये.

दुसरे पथ्य आम्ही चुकीतून शिकलो. सुरुवातीला नऊ-दहा नंबरही आपोआप जोडणीवर राहिले होते. तिथे वर कॅसेट डेकचा बाहेर येणारा आवाज आणि खाली त्याच डेकची आवाज घेणारी भोके. म्हणजे डेकचे शेपूट त्याच्याच तोंडात! रेकॉर्डचे बटण दाबताच खोलीत शिट्टी घुमली. असे एकच यंत्र वर-खाली असेल तर ती जोडी पूर्ण सुटी ठेवायची, समोरून तार लावल्याखेरीज काही जुळू द्यायचे नाही. तयार पाट्यांमध्ये प्रत्येक जोडीचा प्रकार बदलण्याची सोय असते. कुठे बटण असते, कुठे आतली पट्टी काढून उलटी बसवावी लागते.

तिसरे पथ्य माइकचे. काही माइकांना प्रीअँपकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. त्याला फँटम पॉवर म्हणतात. पाव इंची प्लग भोकात सरकताना त्याचे टोक वाटेतल्या इतर संपर्कांना क्षणभर घासते, आणि त्या क्षणी हा पुरवठा शॉर्ट होऊन नको तिथे पोचू शकतो. शिवाय माइकचा आवाज मुळात व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतका क्षीण असतो. म्हणून माइकची तार सरळ प्रीअँपला जाते. पाटीवर येतो तो वाढवलेला आवाज. आणि वेगळ्या अँप्लिफायरमधून स्पीकरकडे निघालेली जाड तारही या पाटीवर कधी आणू नये.

एक ओळ सुलट, एक उलट

आता तार आतून बघू. चांगल्या तारेत दोन बारीक तारा असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याची जाळी. प्लगवरही तीन भाग दिसतात. पुढचे टोक, मधली कडी आणि मागचा लांब भाग. त्यांना टिप, रिंग आणि स्लीव्ह म्हणतात. दोन तारा टोकाला आणि कडीला, जाळी मागच्या भागाला.

आवाज तर एकच, मग तारा दोन कशाला? कवीच्या भाषेत सांगतो. एकच ओळ दोन माणसांबरोबर पाठवली. एकाकडे सुलट, दुसऱ्याकडे उलट. वाटेत पाऊस लागला आणि दोघेही सारखेच भिजले. पोचल्यावर दुसऱ्याची ओळ पुन्हा सुलट केली आणि पहिल्याच्या ओळीत मिळवली. ओळ दुप्पट ठळक झाली. पण दुसऱ्याची ओळ उलटवताना त्याच्यावरचा पाऊसही उलटला, आणि तो पहिल्याच्या पावसात मिळून शून्य झाला. विजेच्या वायरीतून, ट्रान्सफॉर्मरमधून, मोबाइलमधून तारेवर जो गोंगाट चढतो तो दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो, आणि या युक्तीने तो पोचण्याच्या ठिकाणी पुसला जातो. याला 'बॅलन्स्ड' जोडणी म्हणतात.

यात टोक आणि कडी यांची अदलाबदल झाली, तर आवाज येतो पण उलटा येतो. एकट्या माइकला ते कळत नाही. दोन माइक एकत्र वाजले की मात्र ते एकमेकांना खातात आणि ढोलकीचा दम निघून जातो. म्हणून लाल तार टोकाला, दुसरी कडीला, हा नियम एकदा ठरवला की शेवटपर्यंत पाळायचा.

कॅसेट डेकसारखी जुनी घरगुती यंत्रे या पद्धतीची नसतात. तिथे एकच तार आणि जाळी. त्या टोकाला आपली दुसरी तार जाळीबरोबर जोडून द्यावी लागते. त्यांचा आवाजही हलका असतो. स्टुडिओच्या यंत्रांचा नेहमीचा दाब सुमारे १.२३ व्होल्ट, तर घरगुती यंत्रांचा सुमारे ०.३२ व्होल्ट. कॅसेट दबकी ऐकू आली तर तार खराब आहे असे लगेच समजू नये, आधी इंटरफेसवर आवाज वाढवून पाहावा.

कल्हईची आठवण

आमच्या वीस तारा आम्ही घरीच बनवल्या. प्रत्येक तारेला दोन प्लग, प्रत्येक प्लगला तीन टाके. शंभराहून अधिक डाख, म्हणजे सोल्डरचे टाके. हे काम मी मागून घेतले, कारण मी पितळेच्या गावचा आहे. लहानपणी मोहल्ल्यात कल्हईवाले यायचे. जमिनीत खड्डा करून भाता लावायचे. भांडे आधी चांगले तापवायचे, मग नवसागर टाकायचे, मग कथिलाची कांडी टेकवायची आणि बोळ्याने फिरवायचे. क्षणात पितळ चांदीसारखे चमकायचे. भांडे तापले नसेल तर कथिल धरत नाही, त्याचे गोळे होऊन ते निसटते. हे तेव्हाच डोळ्यांत बसले होते.

डाखाचे काम हुबेहूब तेच. ६० टक्के कथिल आणि ४० टक्के शिसे यांची तार १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होते. २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न पुरते. तारेचे टोक सोलायचे, पीळ द्यायचा आणि त्यावर आधी थोडा डाख चढवून घ्यायचा. ही तारेची कल्हई. प्लगच्या पत्रीलाही तसेच. मग दोन्ही एकत्र धरून, आयर्न टेकवून, दोन-तीन सेकंद सांध्याला तापू द्यायचे आणि डाख सांध्याला लावायचा, आयर्नला नाही. तो स्वतःहून पसरला पाहिजे. निवेपर्यंत हात हलता कामा नये. हलला तर सांधा मळका, दाणेदार होतो. वरून जोडलेला दिसतो, आत सुटलेला असतो. असा थंडा जोड सहा महिन्यांनी, नेमके कुणी गात असताना कुरकुरतो.

फरक एकच. नवसागर इथे चालत नाही, तो पुढे धातू खातो. इथे राळ लागते, आणि ती डाखाच्या तारेतच भरलेली येते. तिचा धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवायची, आणि हाताला शिसे लागते म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचे नाही. माझे पहिले दहा टाके भाच्याने बघितले आणि सात तोडून टाकले. मी संपादकांचे नकार सोसलेला माणूस आहे. पुन्हा बसलो.

गुणगुण आणि अर्थिंग

सगळे जोडून झाले आणि तरीही स्पीकरमध्ये बारीक गुणगुण राहिली. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ती गुणगुण त्याच सुराची किंवा त्याच्या दुप्पट, १०० च्या सुराची असते. कारण असे. दोन यंत्रे भिंतीतल्या वेगवेगळ्या सॉकेटांतून अर्थला जोडलेली असतात, आणि त्यांच्यामधल्या तारेची जाळीही त्यांना जोडते. असा एक वेढा तयार होतो आणि त्या वेढ्यात विजेचा सूर फिरत राहतो.

यावर काही लोक एक घातक उपाय सांगतात. यंत्राच्या तीन पिनांच्या प्लगमधली अर्थची जाड पिन काढून टाका, गुणगुण थांबेल. ती कधी कधी थांबतेही. पण यंत्रात बिघाड होऊन वीज पेटीच्या पत्र्यावर उतरली, तर तिला जमिनीत जायला वाट राहत नाही. माइकच्या जाळीपर्यंतही ती येऊ शकते, आणि गाणाऱ्याचे ओठ माइकपासून चार बोटांवर असतात. म्हणून अर्थची पिन कधीही काढू नये. आम्ही आधी घराचे अर्थिंग तपासून घेतले. मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडला होता, तो दुरुस्त करवला. मग सगळी यंत्रे एकाच सॉकेटवरून, एकाच पट्टीवर घेतली. विजेच्या वायरी टेबलाच्या डाव्या बाजूने आणि आवाजाच्या तारा उजव्या बाजूने नेल्या. जिथे ओलांडायच्या तिथे काटकोनात. एवढ्याने गुणगुण जवळजवळ गेली. उरलेली कॅसेट डेकच्या तारेची होती. तिची जाळी पाटीकडच्या टोकाला सोडवली आणि डेककडे जोडलेली ठेवली, तसा वेढा तुटला. जाळी सोडवणे निर्धोक आहे, पिन काढणे नाही. आणखी एक. आमचा जुना इन्व्हर्टर चालू झाला की त्याचा खरखराट सगळ्या माइकांत यायचा. त्यामुळे वीज गेली की आम्ही रेकॉर्डिंग थांबवतो आणि चहा करतो.

नाव लिहा

शेवटचे काम सगळ्यांत सोपे आणि सगळ्यांत जास्त टाळले जाणारे. प्रत्येक तार मल्टिमीटरने तपासायची. टोक टोकाला, कडी कडीला, जाळी जाळीला पोचते का, आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही ना. मग प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबर. एकाच टोकाला दिला तर उपयोग नाही, दुसरे टोक शोधताना माणूस पुन्हा ओढाताण करतो. पाटी पुढे ओढून घेता येईल एवढी ढील मागे ठेवायची. तारा एकत्र बांधायच्या, पण करकचून नाही. आणि पाटीवर प्रत्येक भोकाखाली नाव.

नावे मी लिहिली. एक नंबरखाली काय लिहावे यावर मी थोडा घुटमळलो. मनात बाबा होते. भाचा म्हणाला, "मामू, पाटीवर जे आहे तेच लिहायचं." मी 'माइक १' लिहिले. वहीतला नकाशा कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. उद्या आम्ही दोघेही नसलो तरी तिसऱ्या माणसाला खोली चालवता आली पाहिजे.

गेल्या मंडईनंतर तोच ढोलकीवाला पुन्हा आला. त्याच्याबरोबर दंडारीतला एक तरुण गायक होता. त्याला बाबांची तीन पदे येत होती. दुसरे पद रंगात आले असताना हेडफोनमध्ये कुरकुर ऐकू आली. इंटरफेसचे पहिले भोक दगा देत होते. भाच्याने एक छोटी तार उचलली. एक टोक एक नंबरच्या वरच्या भोकात, दुसरे चार नंबरच्या खालच्या भोकात. कीबोर्ड बाजूला झाला, आवाज नव्या वाटेने चालू लागला. पलीकडे छोट्या रेकॉर्डरवर प्रत भरतच होती. गाणाऱ्याने डोळे मिटलेले होते. त्याला काही कळले नाही.

पद संपल्यावर त्याने विचारले, "आला का जी आवाज?"

या वेळी मी लगेच उत्तर दिले नाही. आधी दोन्हीकडचे लावून ऐकले, आणि मग म्हणालो, "आला."

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)